मोटारीचे शनिवारस्नान

मनुष्याचा ज्या वस्तूवर जीव जडतो, तिला तो आपल्या हातांनी धुतो. देशावर बैलपोळ्याच्या दिवशी शेतकरी आपल्या बैलांना नदीवर नेऊन न्हाऊ घालतो. खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे धुऊन-पुसून पूजेला मांडतो. या दोन्ही कृतींत स्वच्छतेपेक्षा कृतज्ञतेचाच भाग अधिक आहे. ज्याने वर्षभर आपले ओझे वाहिले, त्याच्या अंगावरील धूळ एक दिवस तरी धन्याने स्वतः उतरवावी, अशी ही भावना आहे. हीच भावना, कोणत्याही मंत्राशिवाय व पूजेशिवाय, युरोपातील एका उद्योगप्रधान राष्ट्रात पाहावयास मिळते. ते राष्ट्र म्हणजे जर्मनी, आणि तेथील कृतज्ञतेचा विषय म्हणजे मोटार.

मोटारीचे माहेरच जर्मनी होय. २९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइम येथील कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी बेर्था यांनी पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्यांनी बनविलेली गाडी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत चालवीत नेली व जगाचा अविश्वास घालविला. तथापि सामान्य जर्मन कुटुंबाच्या दारात मोटार यावयास दुसरे महायुद्ध संपून देश पुन्हा उभा राहावा लागला. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी फोक्सवॅगन बाहेर पडली, ती सोनेरी रंगात रंगविलेली होती. भुंग्याच्या आकाराची ही लहानशी गाडी कामगार, कारकून आणि शिक्षक यांच्या ऐपतीत आली. घर विध्वस्त झालेले, सामान हरवलेले, अशा पिढीच्या हाती बऱ्याच वर्षांनी आलेली ती पहिली मोठी वस्तू होती. तिचे कोडकौतुक झाले नसते, तरच नवल!

या कौतुकाला वारही ठरून गेला. त्या काळी जर्मन कामगार आठवड्याचे सहा दिवस राबत असे. १९५६ च्या मे दिनी तेथील कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी मांडली. त्यांच्या भित्तिपत्रकावर एका लहान मुलाचे चित्र होते, आणि शनिवारी माझे बाबा माझे असतात, अशा अर्थाचे शब्द होते. पुढील वर्षांत एकेका उद्योगात ही मागणी मान्य होत गेली व शनिवार मोकळा झाला. रविवार हा तेथे कायद्याने राखलेला विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी गडबडीचे काम करणे शिष्टसंमत नाही. म्हणून शनिवारी दुपारी बाबा बादली घेऊन बाहेर येत आणि मुले फडकी घेऊन त्यांच्यामागे. नोकर ठेवण्याची ऐपत असलेला गृहस्थही हे काम दुसऱ्यावर सोपवीत नसे.

पूर्व जर्मनीत तर हे प्रेम प्रतीक्षेने अधिकच पक्व झाले होते. त्स्विकाउ येथे १९५७ ते १९९१ या काळात तयार झालेली ट्राबांट ही गाडी मिळण्यास नाव नोंदविल्यापासून दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे लागत. तिच्या अंगाचे बाह्य पत्रे लोखंडी नव्हतेच. कापसाचे तंतू व राळ दाबून ते बनवीत, त्यामुळे ते गंजत नसत. पण आतला सांगाडा पोलादी होता व गंज त्यालाच धरी. तारुण्यात नाव नोंदवून प्रौढपणी हाती आलेल्या अशा गाडीला तिच्या धन्याने किती निगुतीने जपले असेल, हे सांगावयास नको.

आता या स्नानाचा विधी पाहू. वरवर सोपा वाटणारा हा विधी प्रत्यक्षात शास्त्रशुद्ध आहे. मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे जे अनेक थर असतात, त्या सर्वांची मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. आधुनिक गाडीवरील सर्वांत वरचा पारदर्शक थर तर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची सारी झळाळी या थरावर अवलंबून असते, आणि त्याचा मोठा शत्रू चिखल नसून तो चिखल कोरडाच पुसणारा हात हा आहे. धुळीतील वाळूचा एक कण फडक्याखाली सापडला, की प्रत्येक फेऱ्यात तो एक ओरखडा काढतो. उन्हात पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे गाडीवर दिसतात, ती अशा उतावळ्या प्रेमाचीच खूण होय.

म्हणून जाणकार मनुष्य गाडी प्रथम सावलीत उभी करतो. कारण तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. मग नुसत्या पाण्याने सैल धूळ वाहू देतो. चाकांना ब्रेकची काळी भुकटी चिकटलेली असते, म्हणून त्यांची बादली व त्यांचे फडके निराळे. अंगासाठी दोन बादल्या लागतात, एक साबणाची व दुसरी स्वच्छ पाण्याची. मऊ हातमोजा साबणात बुडवून टपापासून खाली, सरळ रेषेत हात फिरवावयाचा. प्रत्येक भाग झाला, की मोजा आधी स्वच्छ पाण्यात पिळून मगच पुन्हा साबणात घालावयाचा. भांडी घासण्याचा साबण येथे वर्ज्य, कारण तो मळाबरोबर मेणाचाही थर काढून टाकतो. पक्ष्यांची विष्ठा व लिंडन वृक्षांखाली पडणारा चिकट रस आठवडाभर राहू दिल्यास रंगात उतरतो. तो भिजवून, न खरडता काढावा लागतो.

धुणे झाल्यावर पूर्वी कातड्याच्या मऊ तुकड्याने व आता दाट विणीच्या पंचाने पाणी टिपून घेतात. नाही तर कठीण पाण्यातील चुन्याचे ठिपके राहतात. नंतर रुतून बसलेले सूक्ष्म कण काढण्यासाठी विशिष्ट प्रकारची चिकणमाती ओलसर पत्र्यावरून हलकेच फिरवितात. शेवटी मेण. त्यातील उत्तम मेण ब्राझील देशातील कारनौबा नावाच्या ताडाच्या पानांवर मिळते. ते बोटभर घेऊन पातळ पसरावयाचे व सुकल्यावर पुसून काढावयाचे. मग पावसाचे थेंब पत्र्यावर मोत्यासारखे उभे राहतात व घरंगळून जातात. जर्मनीत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाशी बसून लोखंड खाते. त्यामुळे वसंतातील पहिले स्नान खालच्या अंगापासून करावे लागते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या मॉरिशसच्या वाचकांना मिठाचा हा पराक्रम निराळा सांगावयास नको.

तीस वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात उत्तम राखलेली गाडी असेल, तर जर्मनीत १९९७ पासून तिला विशेष नंबरपाटी मिळते. अशा गाडीचे मालक तिला फिरत्या ब्रशांच्या यंत्रात सहसा घालीत नाहीत. जुन्या फोक्सवॅगनचे इंजिन मागे असते व झाकणावर हवेसाठी फटी असतात. तेथे पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर गाडी सुरू होण्यास कुरकुर करते. काचांभोवतीचे रबर जुने, क्रोमची पट्टी नाजूक. अशा ठिकाणी हातालाच पर्याय नाही.

येथवर ही कथा प्रेमाची झाली. परंतु प्रत्येक स्नानाला एक उत्तरार्ध असतो, आणि तो म्हणजे वाहून गेलेले पाणी. गाडीवरून उतरणाऱ्या पाण्यात नुसती माती नसते. तेल असते, ब्रेकची धातुमय भुकटी असते, साबण असतो. शनिवारी लाखो दारांतून ओघळलेले हे पाणी कोठे जात होते? कोठे ते जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्याला मिळे, तर जेथे पावसाच्या पाण्याची गटारे निराळी आहेत, तेथे शुद्धीकरणाशिवाय सरळ ओढ्यात जाई. त्याच सुमारास घरोघरी आलेल्या नव्या रासायनिक साबणांमुळे जर्मन नद्यांवर फेसाचे ढीग दिसू लागले. १९५९ च्या कोरड्या उन्हाळ्यात तर बंधाऱ्यांपाशी ते डोंगरासारखे साचले. अर्थात हा फेस मुख्यतः कपडे धुण्याच्या साबणाचा होता, मोटारींचा नव्हे. पण त्याने लोकांचे डोळे उघडले. जे घरात स्वच्छता म्हणून केले, तेच नदीत घाण होऊन उभे राहिले होते.

त्यावर उपाय झाले ते नियमांनी. १९५७ साली संमत झालेला जलविषयक कायदा १९६० च्या मार्चपासून अमलात आला. पाण्याला अपाय होऊ नये म्हणून योग्य ती खबरदारी घेण्याचे कर्तव्य आज प्रत्येक व्यक्तीवर आहे. १९६१ साली साबणांविषयी निराळा कायदा होऊन, १९६४ पासून साबणातील फेसाळ द्रव्य जिवाणूंकडून बव्हंशी विघटित होणारे असलेच पाहिजे, असे बंधन आले. पुढे गावोगावच्या नगरपालिकांनी रस्त्यावर मोटार धुण्यास मनाई केली. स्वतःच्या अंगणातही, जमीन उघडी असेल तर, बहुतेक ठिकाणी परवानगी नाही. फरसबंदी असून पाणी मलवाहिनीत जात असेल, तर काही गावे साध्या पाण्याने धुऊ देतात. नियम गावागणिक बदलतात, म्हणून आधी नगरपालिकेत विचारावे लागते.

मग हाताने धुणाऱ्याने जावे कोठे? पेट्रोलपंपांशेजारी नाणे टाकून वापरावयाचे धुण्याचे कट्टे असतात. त्यांच्या जमिनीखाली गाळ बसण्याची टाकी व तेल वेगळे करणारे यंत्र असते. पाण्याहून हलके तेल वर तरंगते, ते अडविले जाते, आणि उरलेले पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरणास जाते. काही कट्ट्यांवर स्वतःची बादली आणण्यास मनाई असते. त्यामुळे जातिवंत शौकीन बादली चालू देणारा कट्टा शोधून काढतो व तेथेच जातो. ज्यांना वेळ नाही, त्यांच्यासाठी यंत्र आहेच. आउग्सबुर्ग येथील गेबहार्ट वाइगेले व योहान सुल्त्सबेर्गर यांनी १९६२ साली आपोआप मोटार धुणाऱ्या यंत्राचे पेटंट मागितले, आणि त्यातून जगभर पसरलेला एक धंदा उभा राहिला. अशा यंत्रांतून आता बरेचसे पाणी गाळून पुन्हा वापरतात.

माझी गाडी, माझे दार, माझे पाणी. मग मनाई कशाची, असा प्रश्न जर्मन गृहस्थाच्याही मनात येतोच. त्याचे उत्तर एवढेच, की बादली कलंडेपर्यंतच पाणी त्याचे असते. त्यानंतर ते खालच्या गावचे होते.

हे उत्तर मोठ्या खंडातील देशापेक्षा लहान बेटाला अधिक लागू पडते. ऱ्हाइन नदीला समुद्र गाठावयास शेकडो मैल चालावे लागते. मॉरिशसच्या नद्या डोंगरातून निघून थोड्याच कोसांत प्रवाळांच्या उथळ समुद्रास मिळतात. ज्या पाण्यात गणरायाचे विसर्जन होते व ज्यात कोळी जाळे टाकतो, त्या पाण्यापासून अंगणातील बादली फार दूर नसते. ज्यांच्या पूर्वजांनी गिरमिटावर येऊन याच ओढ्यांच्या काठी, उसाच्या मळ्यांत, परक्याच्या गाड्या ओढल्या, त्यांच्या दारात आज स्वतःची गाडी उभी आहे. ती त्यांनी अवश्य आपल्या हातांनी धुवावी, मुलांच्या हाती फडके द्यावे, मेण लावून आरशासारखी करावी. कष्टाने मिळविलेल्या वस्तूची निगा राखणे हा कष्टांचाच सन्मान आहे. मात्र धुण्यापूर्वी एकदा उताराकडे पाहावे. आपल्या दाराची शोभा शेजाऱ्याच्या ओढ्याला जड होणार नाही, एवढी काळजी घेतली, की ते स्नान पुरे झाले.