तो छोटा आकडा दाबून बघा

मागच्या सेमला माझा सेमिनार सिमेंटवर होता. आमचं गाव मुकुटबन, कारखाना गावालाच, म्हणून सुरुवात गावापासून केली. सबमिशनची आदली रात्र! नेटवर एका ठिकाणी मिळालं, 'कारखान्याचे बांधकाम सुरू आहे.' आणखी दोन ठिकाणी तेच दिसलं. म्हटलं झालं, तीन संदर्भ! दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "अगं, तू तिथलीच ना? सुट्टीत घरी जातेस की नाही?" सगळा वर्ग हसला. तिथे उत्पादन २०२२ मध्येच सुरू झालं, हे मला माहीत होतं, तरी मी नेटवर विश्वास ठेवला.

नंतर नीट बघितलं. तिन्हीकडे वाक्य शब्दशः तेच, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. म्हणजे संदर्भ एकच, बाकी दोघांनी उतरवून घेतलेलं.

विकिपीडियावर कोणीही लिहू शकतं, हे आपण सगळे जाणतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. पण वाक्याच्या शेवटी जो छोटा आकडा असतो, तो किती जण दाबतात? खरी परीक्षा तिथे आहे. आकडा नसेल किंवा 'संदर्भ हवा' लिहिलं असेल, तर ते वाक्य रिपोर्टात घेऊ नका. आकडा असेल तर मूळ पान उघडा आणि ते वाक्य तिथे खरंच आहे का ते बघा. कधी कधी नसतंच!

मग बघायचं, हे सांगतंय कोण. कारखान्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन, हे कंपनीच्याच कागदावरून घ्यायला हरकत नाही. पण धुळीचं काय, गावातल्या किती पोरांना काम मिळालं, हे कंपनीलाच विचारून कसं चालेल?

वर्षही बघा. गावाची लोकसंख्या म्हणून दिसते ती बहुधा २०११ च्या जनगणनेची असते. जुन्या इंग्रजी पुस्तकात आपला जिल्हा 'वूण' नावाने सापडेल. ती चूक नाही, १९०५ पर्यंत जिल्ह्याचं नाव वणीवरूनच होतं. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश नोंदीखाली लेखकाचं नाव देतो, हे मला फार आवडतं. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा, त्यात आजचे आकडे कुठून येणार?

रिपोर्ट मी परत लिहून दिला. सरांनी आधी शेवटचं पान काढलं आणि एकेक संदर्भ उघडून बघायला लागले. मी शेजारी उभी, घाम फुटलेला.