पराभवापेक्षा मोठी धास्ती

इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या सुमारास फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होतो. खालच्या श्रेणीतील क्लबांच्या चाहत्यांना तेव्हा बढतीची आशा असतेच. पण पराभवाहून मोठी धास्ती असते ती क्लब टिकेल की नाही याची. ती अनाठायी नाही. मँचेस्टरजवळच्या 'बरी' गावचा क्लब १८८५ चा, दोनदा एफ. ए. चषक जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला. २०१९ च्या वसंतात संघाने बढती मिळविली. त्याच ऑगस्टमध्ये, देणी भागविण्याची तजवीज दाखविता न आल्याने, क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली.

साबण बिघडला तर गिऱ्हाईक दुसरा घेते. चाहता क्लब बदलीत नाही. त्यामुळे बेजबाबदार मालकाला बाजारपेठ शिक्षा करीत नाही. ती भोगावी लागते चाहत्याला. म्हणूनच २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आणला, हे योग्यच झाले. परंतु नियामक ताळेबंद तपासील. आपुलकी कोठून आणील? ती चाहत्यांपाशीच आहे. त्यांनी 'बरी'चा क्लब पुन्हा उभा केला आणि २०२३ मध्ये तो गिग लेन या जुन्या मैदानावर परतला. ज्यांची निष्ठा हेच क्लबचे खरे भांडवल, त्यांना कारभारात स्थान नसावे, हा कोठला न्याय?