कॅरॅव्हॅनच्या पाठीला सायकली नकोत

ब्रिटनमध्ये गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत सुट्टीला निघालेली कुटुंबं सायकली सहज तिच्या पाठीला अडकवतात. धोका तिथेच आहे. कॅरॅव्हॅनचं नाक गाडीच्या हुकावर दाबून बसलेलं हवं. हा दाब भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के हवा. मागे चार सायकली लटकल्या की तरफेसारखं नाक उचललं जातं, आणि शेजारून ट्रक सुसाट गेला की कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डुलू लागते. त्यापेक्षा वजनमर्यादा पाहून सायकली गाडीच्या टपावर न्या, किंवा कॅरॅव्हॅनच्या आत, चाकांच्या आसावर, पट्ट्यांनी आवळून. पेडलला जुना टॉवेल गुंडाळा. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीवर ओरखडे पेडलच पाडतं. मागे न्याव्याच लागल्या, तर नंबरप्लेट आणि दिवे अजिबात झाकू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.