भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन : घरे आणि गावे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट जखमी झाली. मदतीचा ओघ देशातून व परदेशांतून सुरू झाला. औषधे, धान्य, कपडे, पत्र्याचे तात्पुरते निवारे, सर्व काही तुलनेने लवकर पोहोचले. खरी कसोटी त्यानंतरची होती. हजारो कुटुंबे बेघर झाली होती आणि ती कोठे व कशी वसवावयाची, हा प्रश्न शासनापुढे होता.

हा भूकंप शास्त्रीय मापाने मध्यम तीव्रतेचाच होता. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई, आणि त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीला लहान धक्के जाणवले होते, तरीही. (२००२ च्या नकाशात हा परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला.) मग एवढा संहार का झाला? उत्तर घरांच्या बांधणीत होते. मराठवाड्यातील माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड असे. परंतु ती एकसंध नसे. आतल्या व बाहेरच्या अंगाला ओबडधोबड दगड रचून मध्ये चिखल व बारीक कपच्या भरल्या जात. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड क्वचितच घातले जात. वर लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर दरवर्षी नवी माती पडे आणि पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जड होत जाई. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली.

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. नुकसानीच्या प्रमाणानुसार गावांची विभागणी झाली. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. काही गावांत त्याच परिसरात घरे बांधून देण्यात आली, आणि अनेक जिल्ह्यांतील लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या गटाचा अनुभव परस्परांहून इतका वेगळा आहे, की तो एकत्र वाचला पाहिजे.

नव्या वसाहती

स्थलांतरित गावांची घरे मुख्यतः शासनाने व गावे दत्तक घेणाऱ्या देणगीदार संस्थांनी बांधली. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला. भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४०० आणि मोठ्या जमीनधारकांस ७५० चौरस फूट. प्रशासनाच्या दृष्टीने निकष सुटसुटीत होता. परंतु ज्याच्याजवळ पूर्वी कमी होते, त्याला पुन्हा कमीच मिळाले, हेही तितकेच खरे.

रुंद, सरळ रस्ते आणि चौकोनी आखणीमुळे नव्या गावाने जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा व्यापली. कागदावर ते शहरी वसाहतीसारखे देखणे दिसे. परंतु गोठा कोठे घालावयाचा, कडबा कोठे रचावयाचा, औते-पांभरी कोठे ठेवावयाच्या, हे आराखड्यात नव्हते. ढाळज गेली, अंगण गेले आणि शेजारी विखुरले. वयोवृद्धांना व विधवांना पूर्वी हाकेच्या अंतरावर असलेला आधार लांब गेला. गुबाळ येथे घुमटाकार घरे उभी राहिली. ती भक्कम होती. पण गोल भिंतीला कोठी आणि कपाट टेकत नाही. याउलट बाणेगाव येथे मलयाळ मनोरमा वृत्तपत्राच्या साहाय्याने झालेल्या कामाचा आराखडा वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केला होता आणि त्यांनी घरे सामाईक अंगणाभोवती मांडली. राहणाऱ्यांची रीत समजून घेतली तर पैसा तोच असूनही घर वेगळे होते, हे येथे दिसून आले.

दुरुस्तीची गावे

दुरुस्तीच्या गावांत घरमालक हाच बांधकाम करून घेणारा होता. साहाय्य टप्प्याटप्प्याने मिळे आणि अभियंत्याने काम पाहिल्यावर पुढील हप्ता मोकळा होई. काय करावयाचे तेही फार अवघड नव्हते. माळवदावरील जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे बंध घालणे, कोपरे जखडणे, खांब-तुळयांना तिरपे आधार देणे. अडचण समजाविण्याची होती. दगडी भिंतीचे नुसते नाव काढले तरी लोक दचकत. भिंती पाडून पत्र्याखाली राहण्याकडे त्यांचा ओढा होता, आणि तो समजण्याजोगा होता.

येथे ‘संवाद सहायक’ ही व्यवस्था उपयोगी पडली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना हे काम देण्यात आले. त्या घरोघरी जात, याद्या वाचून दाखवीत, रक्कम कोणाची व का अडली याचा पाठपुरावा करीत. गवंड्यांबरोबर त्यांनी बांधकामाचे तंत्रही शिकून घेतले. ज्या स्त्रियांना ग्रामसभेत पदर सावरून मागे बसावे लागे, त्या आता अभियंत्याला भिंतीतील आरपार दगड मोजून दाखवू लागल्या. मदतीच्या यादीत नाव नसलेली विधवा किंवा वेगळी चूल मांडलेली सून तलाठ्याच्या नोंदीत सहज सापडत नाही. शेजारणीला मात्र ती ठाऊक असते.

कार्यक्रम १९९८ च्या सुमारास संपला. मंडळे मात्र संपली नाहीत. बचत गट, आरोग्य, पाणीपुरवठा अशी कामे त्यांनी पुढे चालविली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या स्त्रिया तेथील खेड्यांत गेल्या. भाषा वेगळी होती. ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बायकांना त्या हप्ते कसे मिळतात, कोणता कागद जपून ठेवावा आणि कोपरा कसा बांधावा, हे सांगत होत्या.