किशोरवयीन कामगार आणि धोकादायक व्यवसाय : कायदेशीर तरतुदींचा विचार

भारतीय राज्यघटनेच्या कलम २४ नुसार चौदा वर्षांखालील बालकास कारखान्यात, खाणीत अथवा अन्य धोकादायक कामावर ठेवता येत नाही. बालमजुरीची चर्चा बहुधा याच वयोमर्यादेपाशी थांबते. चौदा वर्षे पूर्ण झालेली, परंतु अठरा न गाठलेली मुले मात्र कायद्याच्या दृष्टीने दीर्घकाळ जवळजवळ प्रौढच राहिली. कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी नेमके याच वयाचे असतात, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

कायद्याची वाटचाल

१८८१ च्या कारखाने अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. किमान वय १८९१ मध्ये नऊ, तर १९२२ मध्ये बारा झाले. १९४८ च्या अधिनियमाने ते चौदावर आणले. त्याच अधिनियमाने अल्पवयीनांना चालू यंत्राची सफाई वा तेलपाणी करण्यास मनाई केली. या अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

१९८६ च्या बालकामगार अधिनियमाची अनुसूची वाढत वाढत १८ व्यवसाय व ६५ प्रक्रियांपर्यंत पोहोचली. विडी वळणे आणि गालिचे विणणे ही कामे तीत होती. तथापि ती मनाई चौदा वर्षांखालील बालकांपुरतीच होती. पंधरा वर्षांच्या मुलीला त्या लांबलचक यादीचा काहीच आधार नव्हता.

धोक्याची व्याख्या

ही उणीव २०१६ च्या दुरुस्तीने दूर केली. १ सप्टेंबर २०१६ पासून चौदा ते अठरा वयोगटास ‘किशोरवयीन’ ही स्वतंत्र संज्ञा मिळाली आणि कलम ३-अ अन्वये धोकादायक कामांत त्यांना नेमण्यास मनाई झाली. भंग करणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कारावास, वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे.

मात्र एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने आखडले गेले. नव्या अनुसूचीत तीनच नोंदी उरल्या : खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ, आणि कारखाने अधिनियमातील धोकादायक प्रक्रिया. विडी वा गालिचे यांचा तीत नामोल्लेखही नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने दोन भागांची विस्तृत अनुसूची आणली तेव्हा हे चित्र बदलले. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १३८ व १८२ क्रमांकाच्या करारांना मान्यता दिली होती. अधिसूचनेद्वारे रुंदावणारी यादी अधिसूचनेद्वारेच आक्रसूही शकते, ही तिची दुर्बलता होय. शिवाय यादी उद्योगाचे नाव पाहते; डोक्यावरचे ओझे वा रात्रीचे जागरण नावात दिसत नाही.

अनुमत कामाच्या अटी

यादीबाहेरील कामांसाठी अधिनियमाचा तिसरा भाग लागू होतो आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. किशोरवयीनाकडून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. त्यानंतर किमान एक तास विश्रांती आवश्यक असते. विश्रांती व प्रतीक्षेचा वेळ धरून एकूण कालावधी सहा तासांपलीकडे जाता कामा नये. सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा काम नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याची एक पूर्ण सुटी द्यावी लागते. ‘आस्थापना’ या संज्ञेत दुकान, उपाहारगृह व कार्यशाळेबरोबर शेताचाही समावेश आहे.

हे निकष ऊसतोडीला लावून पाहावेत. तेथे पती-पत्नींची जोडी हा ‘कोयता’ हिशेबाचा घटक. उचल मुकादमामार्फत मिळते आणि मजुरी टनावर ठरते. सोबतचा सोळा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधतो, पहाटे गाडी भरू लागतो. पण त्याची स्वतंत्र नोंद कोठेच नसते. कलम ११ ला अभिप्रेत असलेली नाव, जन्मतारीख व कामाच्या तासांची नोंदवही ठेवायची कोणी, कारखान्याने, मुकादमाने की शेतमालकाने, या प्रश्नापाशी अंमलबजावणी अडते.

वयाविषयी वाद उद्भवल्यास आणि प्रमाणपत्र नसल्यास निरीक्षकाने तो विहित वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे सोपवावा, असे कलम १० सांगते. अशा प्रसंगी शाळा वा महाविद्यालयाच्या नोंदवहीतील जन्मतारखेला मोल येते. पण शिक्षणहक्क अधिनियमाची हमी चौदाव्या वर्षीच संपते आणि हंगामासाठी गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव अनेकदा पटावरून वगळले जाते.