गच्चीवरील कोरफड

काचीगुड्यातील आमच्या गच्चीवर कोरफडीच्या काही कुंड्या आहेत. तेलुगू शेजारी तिला कलबंद म्हणतात. पाण्यावाचून ती क्वचितच मरते, मायेने घातलेल्या जादा पाण्याने मात्र तिची मुळे कुजतात. म्हणून निम्मी वाळू घालावी, माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला न्यावी. बुंध्याशी फुटलेली पिल्ले वेगळी लावावीत.

पान कापल्यावर ते उभे ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा. हाच चीक आटवला की आजीबाईच्या बटव्यातील काळा बोळ होतो. तो तीव्र रेचक आहे. गर्भवतींनी तर टाळावाच. सालीसकट काढलेला रस रोज पिऊन जुलाबाने गळालेले रुग्ण मी पाहिले आहेत. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यांचे पोटॅशियम त्याने आणखी घटते. त्यामुळे चालू औषधे विचारताना मी या रसाचीही चौकशी करतो.