खोडलेलं नाव वाचताना

सध्याच्या विवाहातून किती मुलं जिवंत जन्मली? त्यातली हयात किती? दगावली किती? १९११ च्या ब्रिटिश जनगणनेत विवाहित स्त्रीच्या नावापुढे हे तीन रकाने होते. विधवा-विधुरांनी ते कोरे सोडायचे होते, तरी अनेकांनी भरले. काहींनी तर दगावलेल्या मुलांची नावंही तक्त्यात लिहिली. प्रगणकाने त्यांवर काट मारली, पण काटेखालचं अक्षर आजही वाचता येतं.

घराण्याचा शोध घेणाऱ्याला या रकान्यांचं मोल फार. जनगणना दर दहा वर्षांनी. १९०२ मध्ये जन्मलेलं आणि १९०८ मध्ये गेलेलं मूल १९०१ च्या यादीत नसतं, १९११ च्याही यादीत नसतं. ‘दगावली : १’ एवढा आकडाच त्याची खूण सांगतो. मग जन्मनोंदींच्या सूचीत वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव एकत्र शोधायचं. इंग्लंड-वेल्समध्ये ही नोंदणी १८३७ पासून आहे, त्यामुळे नाव बहुधा हाती लागतं.

१९११ चं आणखी एक वेगळेपण आहे. त्याआधी घरोघरी भरलेले तक्ते प्रगणकाच्या वहीत उतरवून घेत आणि नंतर नष्ट करत. या वेळी मूळ तक्तेच जपले गेले. त्यामुळे पणजोबांचं हस्ताक्षर सहीसकट समोर येतं.

शोध नेहमी माहीत असलेल्या माणसापासून मागे न्यावा. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव मिळतं. गाव कळलं की तिथल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहता येतात. १८४१ च्या यादीत मात्र जपून चालावं लागतं. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणण्याची सूचना होती. ३८ वर्षांचा सुतार तिथे ३५ चा दिसतो.

एखादी बाई सापडलीच नाही, तर कदाचित ती मुद्दाम लपली असेल. मताधिकार नाकारला म्हणून अनेक स्त्रियांनी १९११ च्या गणनेवर बहिष्कार टाकला. २ एप्रिलच्या रात्री मताधिकार चळवळीतली एमिली डेव्हिसन संसद भवनातच दडून बसली. तिची नोंद मात्र झाली, तीही संसदेच्या पत्त्यावर!

शंभर वर्षं उलटल्यावर हे कागद खुले होतात. १९२१ चे जानेवारी २०२२ मध्ये झाले. पुढचे लवकर मिळणार नाहीत. इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे तक्ते डिसेंबर १९४२ च्या आगीत जळाले आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. मधला आधार म्हणजे युद्ध सुरू होताच, २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेली नागरिकांची नोंदवही.

भारतात १९४८ च्या कायद्याने जनगणनेतली व्यक्तीची माहिती गोपनीय आहे. वारसांनाही ती पाहता येत नाही. म्हणून मराठी घराण्यांचा शोध नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वळतो. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. यात्रेला आलेल्या पूर्वजाने सोबतच्या भावांची, मुलांची नावं सांगून खाली केलेली सही त्या पानावर असू शकते.